घरी तेलुगू, गल्लीत दखनी, वर्गात मराठी: सोलापूरच्या शिक्षकांसाठी वर्षभराची वाट

सोलापुरात एका वर्गात चार-पाच भाषांची मुलं बसतात, याचं इथं कुणाला नवल नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या घरांत कन्नड, नई जिंदगी-बेगम पेठेत दखनी उर्दू, बंजारा तांड्यावर गोरमाटी, सेटलमेंटमध्ये (इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथं डांबलं ती वसाहत) पारधी-कैकाडी. बाजारात सगळ्यांचं सगळ्यांशी चालतं. त्यामुळे शाळेतही आपोआप चालेल, असं आपण धरून चालतो आणि तिथंच मुलं मागे पडतात. पुढं त्याच मुलांना आपण ‘अभ्यासात कच्चं’ म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: आधी शाळेनं मुलाचं घर समजून घ्यावं, मग मुलाकडून मराठी मागावं. हा क्रम उलटा झाला की हुशार पोरंसुद्धा गप्प बसायला शिकतात. ही वाट मुख्यतः मराठी माध्यमाच्या शिक्षकांसाठी लिहिली आहे. पालकांच्या कामाचंही तिच्यात बरंच आहे.

जून: घाई न करता नोंद

जनरल रजिस्टरमध्ये ‘मातृभाषा’ असा रकाना असतो. तो बहुतेक वेळा टेबलावर बसूनच भरला जातो आणि सरसकट ‘मराठी’ लिहिलं जातं. मुलाला ‘तुझी मातृभाषा कोणती’ असं विचारलं तर तेही शाळेला आवडेल तेच उत्तर देतं. त्याऐवजी विचारा: आजीशी कोणत्या भाषेत बोलतोस? भांडताना कोणती भाषा येते? रात्री गोष्ट कोण सांगतं आणि कशात?

प्रत्येक मुलासाठी अर्धा कागद पुरतो. घरात आई, आजी आणि भावंडांशी कोणती भाषा, आधीची शाळा किंवा बालवाडी कोणत्या माध्यमाची, घरात वाचता कुणाला येतं आणि कोणत्या लिपीत, आई-वडिलांची कामाची वेळ कोणती. लिपीचा प्रश्न मुद्दाम विचारा. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या कित्येक घरांत तेलुगू अस्खलित बोलली जाते, पण तेलुगू अक्षर कुणालाच येत नाही. तिथं तेलुगूत छापलेली सूचना पाठवून उपयोग नसतो. व्हॉट्सअपवर अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवला तर घरभर ऐकला जातो.

ही विचारपूस वर्गासमोर उभं करून करू नका. ‘तुम्ही कुठले, तुमच्यात काय करतात’ हे प्रश्न चारचौघांत आले की मूल घरचं सगळं लपवायला लागतं. मधल्या सुट्टीत, शाळा सुटताना, कोपऱ्यात बसून बोला. एका आठवड्यात सगळी नोंद झालीच पाहिजे असंही नाही.

नाव आणि कागद

हजेरी घेताना नाव नीट उच्चारा. नाव अडलं तर मुलालाच विचारा आणि मनातल्या मनात दोनदा म्हणा. सोपं करायच्या नादात नाव मोडलं की बाकीची मुलं तेच चिडवायला वापरतात.

दुसरी बाजू कागदाची, आणि तिच्यावर पैसे अवलंबून असतात. आपले फॉर्म आडनाव, नाव, वडिलांचं नाव या साच्याचे. अनेक मुस्लिम घरांत या अर्थानं आडनाव नसतं. ‘शेख’ कुठं आधी लागतो, कुठं नंतर, कुठं लागतच नाही. तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी किंवा नुसतं आद्याक्षर लिहितात. मग आधारवर एक, रजिस्टरला दुसरं, बँकेत तिसरं अशी नावं होतात आणि शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन अडकतो. नववीच्या आधी एक दुपार काढून आधार, जनरल रजिस्टर, रेशन कार्ड आणि बँक पासबुक या चारही ठिकाणची अक्षरं जुळतात का ते पाहा. मूल शाळेत असताना दुरुस्ती तुलनेनं सोपी असते. दहावीचा बोर्डाचा फॉर्म गेला, दाखला हातात पडला, की तीच दुरुस्ती महिनोन्‌महिने रखडते.

बोलायचं मराठी वेगळं, पुस्तकाचं वेगळं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्यायचा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक भेद मांडला. रोजच्या व्यवहारात लागणारी भाषा परभाषिक मुलाला साधारण दोन वर्षांत येते. अभ्यासाची भाषा, म्हणजे व्याख्या करणं, कारण देणं, तुलना करणं, मोठं वाक्य उलगडणं, यायला पाच ते सात वर्षं लागतात. त्यांचं निरीक्षण परदेशातून आलेल्या मुलांवरचं आहे, पण आपल्याकडच्या वर्गात ते डोळ्यांनी दिसतं. मैदानावर मराठीत धडाधड भांडणारी मुलगी विज्ञानाच्या पेपरात कोरी जागा सोडते, तेव्हा ‘मराठी तर छान येतं, अभ्यासच करत नाही’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो टाळा.

सातवीतल्या अशाच एका मुलीचं सांगते. आई घरी विड्या वळते. ‘बाष्पीभवन म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली तिनं काहीच लिहिलं नव्हतं. तोंडी विचारलं, “घरी तेंदूची पानं भिजवतात ना? ती ओल्या फडक्यात का गुंडाळून ठेवतात?” ती लगेच म्हणाली, “नाही ठेवलं तर वाळतात, बाई. कात्री लावली की तुटतात. उन्हाळ्यात पंख्याखाली तर लगेच वाळतात, पावसाळ्यात नाही वाळत लवकर.” उष्णता, वारा, हवेतला दमटपणा, तिन्ही गोष्टी तिनं एका दमात सांगितल्या. धड्यात होतं त्यापेक्षा जास्तच. तिला अडवत होते ते ‘सोदाहरण’ आणि ‘स्पष्ट करा’.

त्यावर करायचं ते असं.

धडा सुरू करण्याआधी त्यातले पाच-सहा अडणारे शब्द फळ्यावर काढा. नुसते पारिभाषिक शब्द पुरत नाहीत. ‘परिणामी’, ‘त्याउलट’, ‘अनुक्रमे’, ‘याव्यतिरिक्त’ असे जोडणारे शब्दही घ्या, कारण मुलं खरी तिथं अडतात. गणितात ‘प्रत्येकी’, ‘एकूण’, ‘उरलेले’, ‘पट’ या शब्दांवर अख्खं उदाहरण उलटतं.

मग मुलांना आपापल्या घरच्या भाषेत जोडीनं दोन मिनिटं बोलू द्या. ‘मला तेलुगू येत नाही, ती काय बोलतात कसं कळणार?’ ही शिक्षकांची शंका रास्त आहे. पण बोलून झाल्यावर उत्तर मराठीत फळ्यावर येणारच असतं, ते तपासा. विचार करताना आधाराला घरची भाषा आणि मांडताना मराठी, असं झालं की मूल दोन्हीत मजबूत होतं. घरची भाषा वर्गात बंद केली की मराठी लवकर येते, ही समजूत चुकीची आहे.

प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातले संवाद ध्वनिमुद्रित करून पाहिलं, तर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. दोन भाषांतून विचार करणाऱ्या मुलाला तेवढा वेळ तर हवाच. मनातल्या मनात तीन आकडे मोजा, हात वर केलेल्या पहिल्या मुलाकडे लगेच वळू नका.

शेवटी तोंडी उत्तर, मग तेच लिखाणात. पहिल्या सत्रात वाक्याची सुरुवात तुम्हीच द्या: ‘याचं कारण असं की…’, ‘पहिल्यापेक्षा दुसरं वेगळं आहे, कारण…’. दिवाळीनंतर ती हळूहळू काढून घ्या.

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चं जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालं, तेव्हा बोलबाला पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचा झाला. पण त्या कामाच्या मुळाशी मुलांची घरची कन्नड होती. गुरुजींनी आधी ती शिकून घेतली, पुस्तकातला मजकूर मुलांच्या भाषेत आणला, कोड त्यानंतरचे. तेवढं सगळ्यांना जमेल असं नाही. पण बालभारतीची पाठ्यपुस्तकं कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही निघतात. त्याच इयत्तेचं विज्ञानाचं उर्दू किंवा कन्नड पुस्तक वर्गाच्या कपाटात एक ठेवलं, तर ती लिपी येणाऱ्या मुलाला ते आधाराला होतं.

लाल पेन कुठं थांबवायचा

‘माझा वही हरवला’ असं तेलुगू किंवा कन्नड घरातलं मूल म्हणतं, तेव्हा त्यामागे नियम असतो. त्या भाषांत निर्जीव वस्तूंचं लिंग एकच असतं, आपल्यासारखं तो-ती-ते नसतं. उर्दू बोलणाऱ्याला दोन लिंगं माहीत असतात, नपुंसकलिंग नवं असतं, म्हणून ‘माझा पुस्तक’. त्याला ‘ळ’ आणि ‘ण’ अवघड जातात, तर तेलुगू-कन्नडवाल्याला ‘ळ’ घरचाच. उर्दू लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, त्यामुळे उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाच्या वेलांट्या-उकार गळतात. हे माहीत असलं की दुरुस्ती नेमकी करता येते: एका आठवड्यात एकच गोष्ट, दहा वाक्यं, बास.

इतिहास, विज्ञान, भूगोलाच्या पेपरात या चुकांचे गुण कापू नका. तिथं विषय तपासायचा आहे. मराठीच्या तासाला मात्र सवलत देऊ नका. तिथं शिकवलं नाही तर पुढं कुठंच शिकवलं जात नाही. दया म्हणून वेलांटी सोडून देणं हा त्या मुलावर अन्यायच असतो.

आणि एक. मराठी घरातली पोरंही ‘काय करलालास’ म्हणतच शाळेत येतात. पुस्तकाची भाषा त्यांनाही शिकायचीच असते. वर सांगितलेली शब्दांची तयारी अख्ख्या वर्गाची करा, चार मुलांना बाजूला काढून नको.

सण, उपास, प्रार्थना

वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवर एक मोठं कॅलेंडर लावा आणि मुलांकडून भरून घ्या. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, नवरात्रातली बतुकम्मा, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा, ईद, नाताळ, १४ एप्रिल, महावीर जयंती, सेवालाल महाराजांची जयंती. चाचणी परीक्षेच्या तारखा हे कॅलेंडर पाहून ठरवा. रमजान दर वर्षी साधारण दहा-अकरा दिवस आधी सरकतो. येती काही वर्षं तो जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, म्हणजे सराव परीक्षांच्या आणि बोर्डाच्या तोंडावर येतो आहे. रोजा असलेल्या मुलाला दुपारच्या कवायतीतून सूट द्या. अवघड विषयाची उजळणी सकाळी घ्या. याला वेगळी परवानगी लागत नाही, मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं की पुरतं.

प्रार्थनेबद्दल वाद होतात, म्हणून कायदा माहीत असू द्या. संविधानाच्या कलम २८(३) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत संमतीशिवाय भाग घ्यायला लावता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकाची लागते. हात न जोडणाऱ्या मुलाला रांगेबाहेर काढणं चूक. ते शांत उभं राहिलं तर तेवढं पुरे.

एकोप्याचं शिकवायला भाषणं लागत नाहीत, सोलापूरचा इतिहास हाताशी आहे. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा पुतळ्यांशी वर्ग घेऊन जा. चौघांची नावं वाचा, ती कोणकोणत्या घरांतून आली ते मुलांनाच सांगू द्या. माझं शहर म्हणताना आपण त्यात धरलेलो आहोत, हे प्रत्येक मुलाला तिथं कळतं.

पालकांना बोलावताना

‘पालक येतच नाहीत’ ही तक्रार करण्याआधी मागाची पाळी आणि वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायची वेळ पाहा. दिवसपाळीचा कामगार सकाळी अकराच्या सभेला आला तर त्याचा खाडा पडतो. आई विड्या देऊन परतल्यावर, किंवा रविवारी त्यांच्याच वस्तीतल्या समाजमंदिरात, मदरशाच्या ओट्यावर सभा घ्या. माणसं येतात.

मुलाची तक्रार सांगताना मुलालाच दुभाषा करू नका. एक तर ते अर्धं गाळून सांगतं, दुसरं म्हणजे आई-वडिलांच्या मानाचा प्रश्न असतो. मोठ्या माणसापुढं पोर बोलतं आणि बाप मान खाली घालून ऐकतो, हे दृश्य शाळेनं उभं करू नये. वर्गातल्याच दुसऱ्या मुलाच्या मावशी, काकू, चाचा यांच्यापैकी दोन्ही भाषा येणारं कुणीतरी आधीच हेरून ठेवा. बसायला खुर्ची द्या, पहिलं वाक्य मुलाच्या एखाद्या चांगल्या गोष्टीचं असू द्या. आईला वाचता येत नसेल तर ‘अभ्यास घ्या’ म्हणू नका. ‘आज शाळेत काय झालं ते रोज तुमच्या भाषेत विचारा’ असं सांगा. हे ती करू शकते आणि त्याचा उपयोग होतो.

शाळा व्यवस्थापन समितीकडेही लक्ष द्या. शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. विडी कामगार आई समितीत आली की सभेची वेळ आपोआप बदलते.

सेटलमेंटचा शिक्का

वर्गात कुणाचं पेन हरवलं की पहिलं दप्तर कुणाचं उघडलं जातं? सेटलमेंटमधल्या मुलांना या प्रश्नाचं उत्तर पहिलीपासून माहीत असतं. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात डांबलं, हजेरी लावली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. माणसांच्या नजरेतून अजून गेला नाही.

नियम एकच करा आणि तो मोडू नका: कुणाच्याही दप्तराची झडती घ्यायची नाही. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंसाठी टेबलावर एक डबा ठेवा. वस्तू डब्यात आली तर कुणी ठेवली हे विचारायचं नाही. ‘तुमच्यातली पोरं अशीच’ हे वाक्य कुणी सहकारी बोलला, तर त्याला शिक्षक खोलीत, त्याच दिवशी, नाव घेऊन सांगा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक छळालाही बंदी घालतं. मुलांमुलांत जातीवरून, डब्यावरून, भाषेवरून चिडवाचिडवी झाली तर दोघांना समोरासमोर ‘सॉरी’ म्हणायला लावून सोडून देऊ नका. ज्याला बोललं गेलं त्याच्याशी आधी एकट्याशी बोला, मग बोलणाऱ्याशी, आणि आठवड्यानंतर पुन्हा पाहा.

तांड्यावरच्या ऊसतोड कुटुंबांचं मूल दिवाळीच्या सुमारास निघून जातं. जाण्याआधी शिक्षण हमी कार्ड द्या, जिथं टोळी जाणार तिथल्या शाळेला फोन करा, आणि मागे आजी-आजोबा असतील तर हंगामी वसतिगृहाचं विचारा. तसंच आपल्या भागातल्या कारखान्यावर बीडकडून आलेली मुलं दिसली, तर दाखला नाही म्हणून परत पाठवू नका. कायद्यानं प्रवेश नाकारता येत नाही.

दहावीनंतर

उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमातून दहावी झालेलं मूल अकरावी सायन्सला गेलं की सगळं एकदम इंग्रजीत येतं. सहामाहीला नापास होऊन शाखा सोडणारी कितीतरी मुलं याच खिंडीत सापडतात. आठवीपासूनच गणित आणि विज्ञानाच्या संज्ञांची वही करा: एका रकान्यात माध्यमाची भाषा, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये. दहावीच्या परीक्षेनंतरच्या दोन महिन्यांत अकरावीच्या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं मोठ्यानं वाचून घ्या.

पैशाच्या सोयींत विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून मिळते. त्यासाठी आईचं किंवा वडिलांचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. ते नसेल तर आधी तेच काढा. राज्याच्या योजना महाडीबीटी या पोर्टलवर असतात. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन हे अधिसूचित अल्पसंख्याक आहेत. तेलुगू किंवा कन्नड भाषक असणं ही वेगळी गोष्ट, त्यावर या धार्मिक अल्पसंख्याकांच्या योजना मिळत नाहीत, इथं बऱ्याच पालकांचा घोळ होतो. उच्च शिक्षणाच्या कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. विमुक्त-भटक्यांच्या जातीच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचं रजिस्टर शोधायला आठवीतच लागा, बारावीच्या निकालानंतर वेळ उरत नाही.

तक्रार करायची वेळ आली तर

पालकांनी तोंडी भांडण्यात ताकद घालवू नये. काय झालं, कधी झालं, कुणासमोर झालं हे साध्या भाषेत कागदावर लिहा. मराठीत जमत नसेल तर ज्या भाषेत जमेल तिच्यात सांगा आणि कुणाकडून तरी लिहून घ्या. पहिला अर्ज मुख्याध्यापकांना, प्रत शाळा व्यवस्थापन समितीला. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर प्राथमिक शाळेसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग किंवा जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, हायस्कूलसाठी माध्यमिक शिक्षणाधिकारी. शिक्षण हक्क कायद्याखालच्या तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यापुढं राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. मारहाण किंवा धोका असेल तर थांबू नका, १०९८ ला फोन करा. कॉलेजात असाल तर समान संधी कक्ष कुठं आहे ते प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवा.

प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज त्याच दिवशी पोस्टातून स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा.